सोसायटीच्या ग्रुपवर पोल घेतला, पण त्यातून नेमकं काय कळलं? दुहेरी वारंवारता सारणी म्हणजे काय आणि ती कशी बनवायची?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल येतो. 'बस कुठली हवी?' दोन पर्याय असतात. रात्रीपर्यंत पटापट मतं पडतात. सकाळी कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, 'बहुमत झालं, आता पत्र देऊया.' आणि मग ज्यांचं मत हरलं ते विचारतात, 'आमचं काय?'

नवी मुंबईतल्या उलवे नोडमध्ये राहणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. हा भाग येतो पनवेल तालुक्यात आणि वसवला सिडकोने. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात गेले, उलवे मात्र हद्दीबाहेर राहिलं. त्यामुळे वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठून मागणी मांडायची, हा शहरात रुळलेला रस्ता इथे नव्हता. मागणी कागदावरच मांडायची, तर कागदावरचे आकडे नीट हवेत.

आता पोलचे आकडे चुकीचे नसतात. पण ते अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी गोष्ट बाहेर काढायचं एक साधं साधन आहे, दुहेरी वारंवारता सारणी. काही पुस्तकांत तिला द्विमार्गी सारणीही म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र बेरजेचं आहे. ते काय आहे, समजून घेऊया.

साध्या पोलमध्ये काय सुटतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. उलव्याला रेल्वे मिळाली ११ नोव्हेंबर २०१८ ला. नेरूळ-उरण मार्गाचा खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा त्या दिवशी सुरू झाला आणि बामणडोंगरी आणि खारकोपर ही दोन स्टेशनं उलवेकरांच्या वाट्याला आली. पुढे १२ जानेवारी २०२४ ला हाच मार्ग उरणपर्यंत पोहोचला. त्याच दिवशी शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. उलव्याजवळच्या शिवाजीनगर इंटरचेंजवरून त्यावर जाता येतं.

म्हणजे कामावर जायला आता दोन दिशा आहेत. एक, स्टेशन गाठायचं, नेरूळ किंवा बेलापूरला उतरायचं आणि मुंबईला जायचं असेल तर तिथून हार्बरची गाडी पकडायची. दुसरी, अटल सेतूवरून थेट मुंबई. पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. त्यामुळे ज्याच्याकडे चारचाकी नाही, त्याला सेतू वापरायचा तर बसच हवी.

आता समजा, उलव्यातल्या एका सोसायटीने २०० नोकरदारांना विचारलं, 'तुम्हाला कुठली बस जास्त गरजेची वाटते? स्टेशनपर्यंत जाणारी की सेतूवरून मुंबईला जाणारी?' (ही सोसायटी आणि तिचे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेले आहेत.) उत्तर असं आलं:

| कुठली बस हवी? | किती जण |
|---|---|
| स्टेशनची बस | १२० |
| सेतूवरून मुंबईची बस | ८० |
| एकूण | २०० |

ही झाली साधी वारंवारता सारणी. वारंवारता म्हणजे एखादं उत्तर किती वेळा आलं तो आकडा. शाळेत सांख्यिकीच्या धड्यात आपण हेच शिकलो होतो. ६० टक्के विरुद्ध ४० टक्के. स्टेशनची बस जिंकली, विषय संपला.

पण हे ८० जण कोण आहेत? ते सगळ्या सोसायटीत विखुरलेत, की एका विशिष्ट गटाची ही एकगठ्ठा गरज आहे? वरच्या सारणीत याचं उत्तर नाही. कारण आपण एकच प्रश्न विचारला.

मग दुहेरी वारंवारता सारणी म्हणजे काय?

त्याच माणसाला दोन प्रश्न विचारायचे आणि दोन्ही उत्तरं एकाच सारणीत एकत्र मोजायची. एका प्रश्नाची उत्तरं आडव्या ओळींत, दुसऱ्या प्रश्नाची उभ्या रकान्यांत. जिथे ओळ आणि रकाना एकमेकांना छेदतात, त्या चौकटीत ती दोन्ही उत्तरं देणाऱ्या माणसांची संख्या.

आपल्या सोसायटीने दुसरा प्रश्न विचारला, 'तुमचं काम कुठे आहे?' आता तेच २०० जण असे दिसतात:

| काम कुठे? | सेतूची बस | स्टेशनची बस | एकूण |
|---|---|---|---|
| मुंबई | ४५ | १५ | ६० |
| नवी मुंबई | ३५ | १०५ | १४० |
| एकूण | ८० | १२० | २०० |

शेवटची ओळ पाहा, तीच ८० आणि १२०. पोलचा निकाल बदललेला नाही. पण आता दिसतंय की मुंबईत काम करणाऱ्या ६० पैकी ४५ जणांना सेतूची बस हवी आहे. त्यांच्यापुरतं बहुमत उलटं आहे. फक्त ते संख्येने कमी असल्यामुळे एकूण आकड्यात त्यांची गरज झाकली गेली.

या सारणीत तीन प्रकारचे आकडे आहेत:

- आतल्या चार चौकटी (४५, १५, ३५, १०५). यांना संयुक्त वारंवारता म्हणतात. कारण प्रत्येक आकड्यात दोन उत्तरं जोडलेली आहेत.
- कडेच्या बेरजा (६०, १४०, ८०, १२०). या सीमांत वारंवारता. सारणीच्या सीमेवर असतात म्हणून सीमांत. प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र निकाल इथे मिळतो.
- कोपऱ्यातला एकूण आकडा (२००). किती माणसांनी उत्तर दिलं, तो.

सारणी बनवायची कशी? १२ उत्तरांवर करून बघूया

कागद-पेन घ्या. समजा तुमच्याकडे ही १२ उत्तरं आली आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस.

१. मुंबई, सेतू
२. नवी मुंबई, स्टेशन
३. नवी मुंबई, स्टेशन
४. मुंबई, सेतू
५. नवी मुंबई, सेतू
६. मुंबई, स्टेशन
७. नवी मुंबई, स्टेशन
८. मुंबई, सेतू
९. नवी मुंबई, स्टेशन
१०. नवी मुंबई, सेतू
११. मुंबई, सेतू
१२. नवी मुंबई, स्टेशन

पहिली पायरी: रिकामी सारणी आखा. ओळींत 'मुंबई' आणि 'नवी मुंबई', रकान्यांत 'सेतू' आणि 'स्टेशन'. उजवीकडे आणि खाली 'एकूण'साठी जागा सोडा.

दुसरी पायरी: यादी वरून खाली वाचत जा आणि प्रत्येक माणसासाठी योग्य चौकटीत एक उभी रेघ मारा. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. याच त्या शाळेतल्या ताळ्याच्या खुणा. एका माणसासाठी एकच रेघ, हे लक्षात ठेवा. त्याची दोन उत्तरं आहेत म्हणून दोन रेघा नाहीत.

तिसरी पायरी: खुणा मोजून आकडे लिहा.

चौथी पायरी: ओळींची आणि रकान्यांची बेरीज करा.

| काम कुठे? | सेतू | स्टेशन | एकूण |
|---|---|---|---|
| मुंबई | ४ | १ | ५ |
| नवी मुंबई | २ | ५ | ७ |
| एकूण | ६ | ६ | १२ |

पाचवी पायरी: ताळा करा. ओळींच्या बेरजा मिळवल्या तर ५ + ७ = १२. रकान्यांच्या बेरजा मिळवल्या तर ६ + ६ = १२. दोन्हीकडून तोच आकडा यायला हवा आणि तो यादीतल्या माणसांइतका असायला हवा. जुळला नाही तर कुठेतरी रेघ चुकली आहे, पुन्हा मोजा.

आणि एक गंमत बघा. साध्या पोलमध्ये हा निकाल ६ विरुद्ध ६, म्हणजे बरोबरी. ग्रुपवर 'लोकांचं ठरतच नाही' असा मेसेज आला असता. दुहेरी सारणीत मात्र चित्र स्पष्ट आहे, लोकांचं ठरलेलं आहे, फक्त कामाच्या ठिकाणानुसार वेगवेगळं ठरलेलं आहे.

दोन वेगवेगळे पोल घेतले तर चालेल का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

समजा सोमवारी पोल घेतला 'काम कुठे?' आणि मंगळवारी घेतला 'बस कुठली?' दोन्हींच्या बेरजा हातात आल्या: मुंबई ६०, नवी मुंबई १४०, सेतू ८०, स्टेशन १२०. म्हणजे सारणीची कड भरली. पण आतल्या चौकटी?

मुंबईत काम करणाऱ्या ६० जणांपैकी सेतूची बस मागणारे ० असू शकतात, ६० असू शकतात किंवा मधला कुठलाही आकडा असू शकतो. प्रत्येक वेळी कडेच्या बेरजा अगदी तशाच राहतील. करून बघा: पहिल्या चौकटीत ० लिहिलं तर नवी मुंबईचे ८० जण सेतूवाले होतात. ६० लिहिलं तर नवी मुंबईचे फक्त २० उरतात. दोन्ही सारण्या बेरजेला बरोबर आहेत, पण सांगतात अगदी उलट गोष्टी.

थोडक्यात, आतल्या चौकटींवरून कडेच्या बेरजा काढता येतात, पण कडेच्या बेरजांवरून आतल्या चौकटी काढता येत नाहीत. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच माणसाला, एकाच फॉर्ममध्ये विचारायचे. व्हॉट्सॲप पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते दिसतं, त्यामुळे नावं जुळवत बसून सारणी बनवता येईल. पण २०० जणांसाठी ते डोकेदुखीचं काम आहे. गूगल फॉर्म सोपा पडतो. त्यात प्रत्येक माणसाची सगळी उत्तरं एका ओळीत जमा होतात.

एकच आकडा, तीन टक्केवाऱ्या

आता पुन्हा २०० जणांच्या सारणीकडे येऊ. पहिल्या चौकटीतले ४५ जण घ्या. मुंबईत काम करणारे आणि सेतूची बस मागणारे. हे किती टक्के?

| कशाच्या तुलनेत? | हिशोब | टक्के |
|---|---|---|
| सगळ्या उत्तरदात्यांच्या | ४५ ÷ २०० | २२.५ |
| मुंबईत काम करणाऱ्यांच्या (ओळीची बेरीज) | ४५ ÷ ६० | ७५ |
| सेतूची बस मागणाऱ्यांच्या (रकान्याची बेरीज) | ४५ ÷ ८० | ५६.२५ |

तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण त्यांचा अर्थ वेगळा आहे:

- 'सोसायटीतल्या २२.५ टक्के नोकरदारांचं काम मुंबईत आहे आणि त्यांना सेतूची बस हवी आहे.'
- 'मुंबईत काम करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांना सेतूची बस हवी आहे.'
- 'सेतूची बस मागणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोक मुंबईत काम करतात.'

दुसरं आणि तिसरं वाक्य घाईत वाचलं तर सारखंच वाटतं. सोशल मीडियावर फिरणाऱ्या आकड्यांत हीच गल्लत वारंवार होते. कधी नकळत, कधी मुद्दाम. ज्याला मागणी मोठी दाखवायची तो ७५ टक्के म्हणेल, ज्याला ती किरकोळ दाखवायची तो २२.५ टक्के म्हणेल. खोटं कुणीच बोलत नाही.

म्हणून टक्केवारी दिसली की एकच प्रश्न विचारा: 'कशाचे टक्के?' भागाकारात खाली कुठला आकडा आहे, ते कळल्याशिवाय फॉरवर्ड करू नका.

दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे का?

हे बघण्यासाठी ओळींच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवा. मुंबईवाल्यांपैकी ७५ टक्के सेतूची बस मागतात. नवी मुंबईवाल्यांपैकी ३५ ÷ १४० म्हणजे २५ टक्के. एकूण सोसायटीत हे प्रमाण ४० टक्के.

कामाच्या ठिकाणाचा आणि मागणीचा काहीच संबंध नसता, तर दोन्ही गटांत साधारण ४० टक्केच दिसले असते. म्हणजे मुंबईच्या ६० पैकी २४ आणि नवी मुंबईच्या १४० पैकी ५६. प्रत्यक्षात आहेत ४५ आणि ३५. अपेक्षेतला आणि प्रत्यक्षातला हा फरक जितका मोठा, तितका संबंध असण्याची शक्यता जास्त. संख्याशास्त्रात यासाठी काय-वर्ग चाचणी वापरतात. ती कार्ल पिअरसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९०० साली मांडली. सोसायटीच्या पत्रासाठी तिची गरज नाही, पण तिचा पाया हाच आहे.

खरं उदाहरण: महाराष्ट्राची जनगणना

ही सारणी फक्त सोसायटीपुरती नाही. सरकारी आकडेवारीचा मोठा भाग याच रूपात छापला जातो. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या बघा:

| | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---|---|---|
| ग्रामीण | ३,१५,३९,०३४ | ३,००,१७,०४० | ६,१५,५६,०७४ |
| शहरी | २,६७,०४,०२२ | २,४१,१४,२३७ | ५,०८,१८,२५९ |
| एकूण | ५,८२,४३,०५६ | ५,४१,३१,२७७ | ११,२३,७४,३३३ |

फक्त शेवटची ओळ पाहिली तर कळतं की राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. पण वरच्या दोन ओळी वेगळ्या वाचल्या तर ग्रामीण भागात हे प्रमाण ९५२ आणि शहरी भागात ९०३ येतं. गाव आणि शहर यांत जवळपास पन्नासचा फरक. कुटुंब गावी ठेवून कामासाठी शहरात आलेले पुरुष, हे यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. एका ओळीच्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

आणि उलवेकरांसाठी इथे आणखी एक मुद्दा आहे. ही जनगणना २०११ ची. रेल्वे आली २०१८ ला, सेतू आला २०२४ ला. म्हणजे आजचं उलवे या आकड्यांत नाहीच. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली आहे. तिच्या सविस्तर सारण्या हातात येईपर्यंत इथे कोण राहतं, कुठे कामाला जातं, कशाने जातं, हे सांगायला रहिवाशांनी स्वतः गोळा केलेली माहितीच कामी येणार आहे.

चार चौकटींनी जीव वाचवता येतात का?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. त्यानंतर शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगवरची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या काही कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. मग दोन्ही गटांत किती जणांना प्लेग झाला, ते मोजलं गेलं.

म्हणजे प्रश्न दोनच: लस घेतली की नाही? प्लेग झाला की नाही? आणि चौकटी चार. लस घेतलेल्यांत प्रमाण कमी दिसलं आणि लसीकरण पुढे नेण्याला बळ मिळालं. नुसतं 'तुरुंगात इतक्या जणांना प्लेग झाला' एवढाच आकडा असता, तर लसीबद्दल काहीच कळलं नसतं. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका

दुहेरी सारणीही कधी कधी फसवते. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचं. १९७३ मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना प्रवेश मिळाला. सरळ भेदभाव दिसत होता.

मग संशोधकांनी तिसरा प्रश्न जोडला, 'अर्ज कुठल्या विभागात केला?' प्रत्येक विभागाची वेगळी सारणी केल्यावर बहुतेक विभागांत स्त्रियांच्या विरोधातला फरक उरलाच नाही. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते, जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण होतं. या प्रकाराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

आपल्या सोसायटीतही 'चारचाकी आहे का?' हा तिसरा प्रश्न चित्र बदलू शकतो. सेतूवर दुचाकी चालत नाही, त्यामुळे गाडी नसलेल्यांची गरज आणि गाडी असलेल्यांची सोय यांत फरक आहे. दोन उत्तरं एकत्र दिसली म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं समजू नका. मध्ये तिसरं कारण असू शकतं.

कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत सारणी

फॉर्मची उत्तरं गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये उघडा. पहिल्या ओळीत प्रश्नांची नावं असू द्या.

१. सगळी माहिती सिलेक्ट करा, 'इन्सर्ट'मध्ये जाऊन 'पिव्होट टेबल' निवडा.
२. 'रोज'मध्ये पहिला प्रश्न (काम कुठे) टाका.
३. 'कॉलम्स'मध्ये दुसरा प्रश्न (कुठली बस) टाका.
४. 'व्हॅल्यूज'मध्ये कुठलाही पूर्ण भरलेला रकाना टाका आणि बेरजेऐवजी मोजणी निवडा. एक्सेलमध्ये 'काउंट', शीट्समध्ये 'काउंटए'.

कडेच्या बेरजा आपोआप येतात. टक्केवारी हवी असेल तर व्हॅल्यूजच्या पर्यायांत ओळीचे, रकान्याचे की एकूणाचे टक्के, हे निवडता येतं. वरच्या तीन टक्केवाऱ्या आठवतायत ना? निवडताना त्या लक्षात ठेवा.

या चुका टाळा

- उत्तर टाइप करायला लावू नका, पर्याय द्या. नाहीतर 'नवी मुंबई', 'न. मुंबई', 'बेलापूर' आणि 'वाशी' अशा चार वेगळ्या ओळी तयार होतात.
- पर्याय एकमेकांत मिसळू देऊ नका. वय विचारताना '२० ते ३०' आणि '३० ते ४०' दिलं, तर ३० वर्षांच्या माणसाने कुठे जायचं? '२० ते २९' आणि '३० ते ३९' असं करा.
- कुणाला बाहेर ठेवू नका. घरून काम करणारे, न्हावा शेवा बंदराकडे कामाला जाणारे, यांच्यासाठी 'इतर' हा पर्याय हवा.
- एकापेक्षा जास्त पर्याय निवडू दिले, तर सारणी वेगळी वाचावी लागते. एक माणूस दोन चौकटींत मोजला जातो आणि बेरीज माणसांपेक्षा जास्त येते.
- छोट्या आकड्याचे टक्के काढू नका. चौघांपैकी तिघे म्हणजे ७५ टक्के, पण एकाने मत बदललं की ५० टक्के. तिथे '४ पैकी ३' असंच लिहा.
- कोण सुटलं ते बघा. घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, स्मार्टफोन न वापरणारे आजी-आजोबा ग्रुपवर नसतात. बस त्यांनाही लागते.
- खासगीपणा जपा. एखाद्या चौकटीत एकच माणूस असेल, तर इमारतीतल्या लोकांना तो कोण ते लगेच कळतं. उत्पन्न, आजार, थकलेला मेंटेनन्स असे प्रश्न असतील तर अशा चौकटी एकत्र करा किंवा सारणी ग्रुपवर टाकू नका.

मग पत्रात काय लिहायचं?

साध्या पोलवरून पत्र गेलं असतं ते असं: 'आमच्या सोसायटीतल्या ६० टक्के लोकांना स्टेशनची बस हवी आहे.' सेतूच्या बसचा त्यात उल्लेखही आला नसता आणि ४० टक्के लोक गप्प बसले असते.

दुहेरी सारणीवरून पत्र असं होईल:

'आमच्या सोसायटीतल्या २०० नोकरदारांनी उत्तरं दिली. नवी मुंबईत काम करणाऱ्या १४० जणांपैकी १०५ जणांना स्टेशनपर्यंतची बस हवी आहे. मुंबईत काम करणाऱ्या ६० जणांपैकी ४५ जणांना अटल सेतूवरून थेट बस हवी आहे. सेतूची बस मागणाऱ्यांत नवी मुंबईत काम करणारेही ३५ जण आहेत. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या प्रवाशांच्या आहेत, त्यामुळे एक पूर्ण केल्याने दुसरी भागणार नाही. सारणी सोबत जोडली आहे.'

माणसं तीच, उत्तरं तीच. पण या पत्रात कुणाचंही मत गाळलेलं नाही, आणि ज्याच्या टेबलावर ते जाईल त्याला कुठली बस कुणासाठी सोडायची, हे वाचूनच कळेल. पुढचा पोल टाकण्याआधी त्यात दुसरा एक प्रश्न जोडायचा आहे, इतकंच.